रोबोवॉरचे भवितव्य : पवईचा आखाडा, साकीनाक्याचे गाळे

दूरनियंत्रणाने चालणारी दोन यंत्रे बंदिस्त आखाड्यात समोरासमोर सोडायची, दोन-तीन मिनिटांत एकाने दुसऱ्याला निकामी करायचे आणि ते न साधल्यास पंचांनी निकाल द्यायचा, असे ज्या स्पर्धेचे ढोबळ स्वरूप आहे तिला मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'रोबोवॉर' म्हणतात आणि तिच्यात उतरणाऱ्या यंत्राला 'बॉट'. बॉट स्वतः निर्णय घेत नाही; आखाड्याबाहेर रिमोट घेऊन उभा असलेला चालक त्याच्यासाठी पाहतो आणि ठरवतो, आणि त्या चालकामागे यंत्र जुळवणारे, बॅटऱ्या सांभाळणारे, वेल्डिंग करणारे चार-सहा जणांचे पथक असते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटी मुंबईत, 1998 पासून भरणाऱ्या 'टेकफेस्ट' या तंत्रमहोत्सवाने या खेळाला मुंबईच्या उपनगरांत घर मिळवून दिले, आणि आज देशभरातल्या बॉट बांधणाऱ्यांना डिसेंबर म्हटले की पवई आठवते. यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी सरस झाली आहेत आणि आखाड्याभोवती उभे राहायला प्रेक्षकही तयार आहेत. तरीही या खेळाचा पाया डळमळीत आहे, कारण तो दरवर्षी नव्याने उभा करावा लागतो आणि दोन-तीन दिवसांत मोडून टाकावा लागतो. या अनिश्चिततेचे मूळ पैशाच्या वा हुशारीच्या टंचाईपेक्षा कायमस्वरूपी आखाड्याच्या आणि तो वर्षभर चालवणाऱ्या यंत्रणेच्या अभावात आहे, असे सगळी माहिती एकत्र मांडल्यावर दिसते, आणि पुढील विवेचन त्याच अंगाने केले आहे.

खेळाचा उगम अमेरिकेतला. डेन्व्हर शहरात विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्यात 1987 पासून 'क्रिटर क्रंच' नावाची छोट्या यंत्रांची झुंज होऊ लागली होती, परंतु आज परिचित असलेले रूप त्याला मार्क थॉर्प यांनी 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन येथे भरवलेल्या 'रोबोट वॉर्स' या स्पर्धेने दिले. थोड्याच वर्षांत थॉर्प आणि त्यांचा भागीदार असलेली ध्वनिमुद्रण कंपनी यांच्यात मालकीवरून कज्जा उभा राहिला आणि अमेरिकेतील ती स्पर्धा बंद पडली. नाव मात्र ब्रिटनमध्ये गेले आणि 1998 मध्ये बीबीसीवर त्याची मालिका सुरू झाली. 2000 साली अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर आली आणि 2002 मध्ये थांबली. ब्रिटिश मालिका 2004 पर्यंत रेंगाळून संपली. बारा-तेरा वर्षांच्या खंडानंतर दोन्ही पुन्हा उभ्या राहिल्या, 'बॅटलबॉट्स' 2015 मध्ये आणि 'रोबोट वॉर्स' 2016 मध्ये, आणि दुसऱ्या फेरीतही ब्रिटिश मालिका 2018 मध्येच गुंडाळली गेली. 'बॅटलबॉट्स' मात्र डिस्कव्हरी वाहिनीच्या आधाराने 2023 पर्यंत चालली आणि त्याच वर्षी तिच्या चालकांनी लास व्हेगसमध्ये तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी नियमित प्रत्यक्ष प्रयोग सुरू केले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. वाहिनीने हात दिला की खेळ फुगतो, 113 किलो वजनाच्या अवाढव्य यंत्रांची चढाओढ लागते, पथके स्वतःची घरे गहाण पडावीत इतका खर्च करू लागतात. आणि वाहिनीने हात काढला की त्या वजनगटातील यंत्रांना झुंजायला जागाच उरत नाही, कारण तेवढा भक्कम आखाडा चित्रीकरणासाठीच बांधलेला असतो. दोन्ही देशांत मधल्या ओसाड काळात जे टिकले ते छोट्या वजनगटांचे, सभागृहांत आणि गोदामांत भरणारे मेळावे. कॅलिफोर्नियातील 'रोबोगेम्स' ही बहुशाखीय स्पर्धा 2004 पासून अशीच चालत आली, 2018 नंतर खंडित झाली आणि 2023 मध्ये पुन्हा भरली. ब्रिटनमध्ये 2003 साली स्थापन झालेल्या फायटिंग रोबोट असोसिएशनने बांधणीचे आणि सुरक्षिततेचे नियम लेखी करून ठेवले, त्यामुळे मालिका बंद पडल्यावरही खेळाची घडी विस्कटली नाही. नियमांचे एक पुस्तक आणि ते पाळून घेणारी एक संघटना यांचे मोल अशा पडत्या काळातच कळते.

भारतात या खेळाला कोणत्याही वाहिनीने वाढवले नाही. तो महाविद्यालयांच्या महोत्सवांतून वाढला आणि हीच त्याची ताकद आहे तशीच मर्यादाही. पवईचा टेकफेस्ट, कानपूरचा टेककृती, खरगपूरचा क्षितिज अशा महोत्सवांच्या तारखा धरून पथके बॉट घेऊन गावोगाव फिरू लागली. 2000 नंतरच्या पहिल्या दशकात अनेक ठिकाणी बॉट तारेने नियंत्रित होत, कारण विश्वासार्ह रेडिओ संच विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर होता. चालक हातात खोका धरून तारेचा लोंबता गुंडाळा सांभाळत आखाड्याच्या कडेने धावे आणि प्रतिस्पर्ध्याच्या पात्यात तार अडकणार नाही याची चिंता वाहणारा एक सहकारी वेगळाच असे. शस्त्र म्हणजे बहुधा कापायच्या यंत्राचे तयार पाते, आणि चाके फिरवायला मोटारगाडीच्या वायपरची मोटर. पुढे 2.4 गिगाहर्ट्झचे स्वस्त रेडिओ संच आले, लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आल्या, आणि ब्रशरहित मोटर, म्हणजे जिच्यात विद्युतप्रवाह पोहोचवणारे झिजते कार्बनचे तुकडे नसतात आणि म्हणून जी त्याच वजनात कितीतरी अधिक शक्ती देते अशी मोटर, सहज मिळू लागली. या तीन गोष्टींनी खेळ पार पालटला.

पवईच्या 'इंटरनॅशनल रोबोवॉर्स'मध्ये 60 किलोचा वजनगट मानाचा ठरला आणि ब्राझीलसारख्या देशांतील विद्यापीठीय पथके तिथे येऊन झुंजू लागली. ब्राझीलचा उल्लेख आणखी एका कारणाने करावा लागतो. रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातील प्राध्यापक मार्को मेजोलारो यांनी आपल्या पथकाच्या अनुभवावरून लढाऊ रोबोंच्या बांधणीचे एक सविस्तर मार्गदर्शक लिहून ते सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पोलाद कोणते निवडावे, चकतीचे दात किती असावेत, बोल्ट कुठे तुटतात, याचे गणितासह विवरण करणारे असे दुसरे साधन विद्यार्थ्यांच्या हाती नव्हते. एका पथकाने मिळवलेले ज्ञान पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवणे हे त्या देशाच्या यशाचे रहस्य मानावे लागेल, कारण आपल्याकडे नेमके तेच घडत नाही.

बॉटचे प्रकार त्याच्या शस्त्रावरून ओळखले जातात. 'वेज' म्हणजे जमिनीला घासून जाणारा उतरता पोलादी फाळ, जो प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला उचलतो वा भिंतीवर रेटतो. 'फ्लिपर' दाबलेल्या वायूच्या जोराने झडप उघडून समोरच्याला हवेत भिरकावतो. 'स्पिनर' म्हणजे फिरते शस्त्र असलेला बॉट. पाते आडवे फिरत असेल तर आडवा स्पिनर, चकती उभी फिरत असेल तर उभा, आणि चकतीऐवजी आडव्या अक्षावरचा जाडजूड दंडगोल असेल तर 'ड्रम'. उभ्या स्पिनरचा एक स्वभावदोष प्रेक्षकांनाही दिसतो: चकती पूर्ण वेगात असताना बॉट झटकन वळला तर फिरत्या वस्तूच्या अक्षाची दिशा बदलण्याला होणाऱ्या विरोधामुळे त्याचे एक चाक जमिनीवरून उचलले जाते आणि तो एका अंगावर झुलतो. चांगला चालक हे झुलणे ताब्यात ठेवतो आणि कधी त्याचाच डाव करतो.

स्पिनरमध्ये साठवलेली ऊर्जा किती असते हे एका हिशेबाने पाहणे उपयोगी ठरेल, कारण खेळाच्या भवितव्याचा निम्मा प्रश्न त्या आकड्यात आहे. 60 किलोच्या बॉटवर 15 किलो वजनाची आणि 15 सेंटिमीटर त्रिज्येची भरीव पोलादी चकती बसवली आणि ती मिनिटाला 6,000 फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे 340 किलोमीटर होतो आणि तिच्यात अंदाजे 33,000 ज्यूल ऊर्जा साठते. एक टन वजनाची मोटार ताशी 29 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली तर जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढी ही ऊर्जा आहे, आणि ती क्षणार्धात, एका दाताच्या टोकातून, प्रतिस्पर्ध्याच्या चिलखतात शिरते. आघातात जे तुटते ते उडते. मुठीएवढा पोलादाचा तुकडा कोणत्या दिशेने जाईल हे कोणी सांगू शकत नाही. अनेक स्पर्धांनी शस्त्राच्या टोकाच्या वेगाला ताशी 250 मैलांची, म्हणजे सुमारे 400 किलोमीटरची, कमाल मर्यादा घातली आहे ती याच कारणाने.

ही चकती जिथे घडते ती जागा आयआयटीच्या आवाराबाहेर, साकीनाका, असल्फा, मरोळ आणि कुर्ला या भागांतील औद्योगिक गाळ्यांत आहे, आणि रोबोवॉरविषयी लिहिताना या गाळ्यांचा उल्लेख सहसा होत नाही, हा मोठा अन्याय आहे. विद्यार्थी संगणकावर आराखडा काढून आणतो. एका गाळ्यात वॉटरजेटने, म्हणजे अतिउच्च दाबाच्या पाण्यात वाळूसारखी पूड मिसळून, जाड पोलादी पत्रा कापला जातो. दुसऱ्या गाळ्यात लेथवर शाफ्ट उतरवला जातो. तिसरीकडे भट्टीत घालून त्याला पाणी दिले जाते, म्हणजे तापवून झपकन थंड करून तो कडक केला जातो. कडक करताना शाफ्ट केसभर वाकतो आणि बेअरिंगमध्ये बसेनासा होतो, हे पुस्तकात एका ओळीत असते. पण घासण्यासाठी आधीच किती माया ठेवायची, हे लेथवरचा टर्नर सांगतो. चकतीचे दात फार कडक ठेवले तर पहिल्या टोल्याला तुटतात, मऊ ठेवले तर मुडपतात. मधला मार्ग साधताना विद्यार्थी पहिल्यांदा त्या कारागिराचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकतो. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत एवढे खरे शिक्षण फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि म्हणून हा खेळ बंद पडला तर काय जाईल याचा विचार करताना प्रेक्षकांच्या करमणुकीइतकाच या संबंधाचाही विचार झाला पाहिजे.

ते गाळे मात्र हलत आहेत. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना चालू होता आणि घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर मोठे उद्योग उभे होते तेव्हा त्यांच्या आधाराने सुट्या भागांचे छोटे धंदे वाढले. मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी मॉल आणि निवासी मनोरे आले, आणि छोट्या गाळ्यांवरही पुनर्विकासाची, चढ्या भाड्याची आणि वसई किंवा भिवंडीकडे सरकण्याची पाळी आली. तुटलेला शाफ्ट संध्याकाळी साकीनाक्याला नेऊन रात्रीतून नवा उतरवून आणता येतो, हा पवईच्या आखाड्याचा देशातील दुसऱ्या आखाड्यांवरचा मोठा वरचष्मा आहे. गाळा वसईला गेला की ती रात्र हातातून जाते.

प्रत्यक्ष स्पर्धेपुढचे सर्वांत कठीण कोडे सुरक्षिततेचे आहे. आखाड्याच्या भिंती पॉलिकार्बोनेटच्या असाव्या लागतात. हे पारदर्शक प्लास्टिक आघाताने वाकते पण चटकन फुटत नाही, उलट दिसायला तसेच आणि स्वस्त असलेले अॅक्रिलिक तडकून त्याच्याच चिपा सुऱ्यांसारख्या उडतात. भिंतींबरोबर छतही लागते, कारण उभा स्पिनर तुकडे वर फेकतो. ब्रिटनमधील गावोगाव फिरणाऱ्या प्रयोगांत मोठे स्पिनर वर्ज्य किंवा मर्यादित ठेवले जात आले ते वाहून नेता येणारा आखाडा त्यांचा मार सोसू शकत नाही म्हणून. याशिवाय प्रत्येक बॉटला संपर्क तुटताच शस्त्र आणि चाके आपोआप थांबवणारी व्यवस्था लागते, जिला 'फेलसेफ' म्हणतात, आणि बाहेरून हाताने ओढून वीज तोडता येईल असा दुवा लागतो. लिथियम पॉलिमर बॅटरी फाटली तर तिची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही आणि तिचा धूर विषारी असतो. त्यासाठी वाळू, धूर बाहेर काढणारे पंखे आणि प्रशिक्षित माणसे आखाड्याशी तयार हवीत. महोत्सवाच्या मैदानावर दोन-तीन दिवसांसाठी हे सारे उभे करायचे, तेही दरवर्षी नव्या विद्यार्थी संयोजकांनी, यात जोखीम आहे हे मान्य केले पाहिजे.

गर्दीचा प्रश्न याहून वेगळा आणि तितकाच गंभीर आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये कोचीच्या विद्यापीठात तंत्रमहोत्सवातील एका संगीत कार्यक्रमाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत चौघांचा जीव गेला. त्या घटनेचा रोबोंशी काही संबंध नव्हता. परंतु महोत्सवातील प्रवेश, बाहेर पडण्याचे मार्ग आणि जबाबदार प्रौढांची उपस्थिती यांविषयी देशातील प्रत्येक संस्थेच्या प्रशासनाला त्यानंतर विचार करावा लागला. एखाद्या संचालकासमोर कार्यक्रमांची यादी येते तेव्हा फिरत्या पोलादी पात्यांचा कार्यक्रम सर्वांत आधी डोळ्यांत भरणार, हे उघड आहे. एका अपघाताने हा खेळ एका संस्थेतूनच नव्हे तर सगळ्याच आवारांतून हद्दपार होऊ शकतो, आणि संयोजकांवर याहून मोठे ओझे दुसरे नाही.

या संदर्भात दोन शेजारच्या उदाहरणांकडे पाहता येईल. दहीहंडी हा घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत उपनगरांच्या अंगवळणी पडलेला आणि निर्विवाद धोक्याचा प्रकार. थरांच्या उंचीवरून न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला आणि 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, त्याबरोबर गोविंदांच्या विम्याचा विषयही मार्गी लागू लागला. दुसरे उदाहरण ई-स्पोर्ट्सचे, म्हणजे पडद्यावरील खेळांच्या स्पर्धांचे. त्यांना केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून स्थान दिले. रोबोवॉरला असे कोणतेही छत्र नाही, मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघ नाही, आणि त्यामुळे पंचांचे प्रशिक्षण, आखाड्याची तपासणी, अपघात विमा हे सारे प्रत्येक संयोजक आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवतो. शासकीय मान्यतेने खेळ चांगला होतो असे नाही. पण मान्यतेसाठी आधी नियम एका ठिकाणी लिहावे लागतात, आणि ते लिहिले जाणे हाच मोठा लाभ असतो.

रोबोंच्या स्पर्धेला राजाश्रय मिळालाच नाही असे मात्र नाही. आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघाची 'रोबोकॉन' स्पर्धा 2002 मध्ये टोकियोत सुरू झाली, भारतात तिची राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने भरू लागली, आणि तिची आंतरराष्ट्रीय फेरी 2008 व 2014 अशी दोनदा पुण्यात झाली. 2008 चा विषय 'गोविंदा' होता. यंत्रांनी हंड्यांपर्यंत पोहोचून लोणी मिळवायचे होते. 2014 चा विषय पालकत्वाचा होता, ज्यात मोठ्या रोबोने छोट्या रोबोला झोपाळ्यावर आणि सी-सॉवर खेळवायचे होते. रोबोकॉनमध्ये यंत्रे एकमेकांना फोडत नाहीत, नेमून दिलेले काम आधी कोण करते याची शर्यत लावतात. म्हणून प्राध्यापकांना आणि प्रशासनाला ती अधिक सोयीची वाटते, आणि मुंबईच्या अनेक महाविद्यालयांत रोबोकॉनच्या पथकाला जागा व निधी मिळतो तर रोबोवॉरच्या पथकाला जिन्याखालची खोली. ही पंगत सरळ नाही. रोबोकॉनचे यंत्र प्रोग्रॅमिंग आणि संवेदकांचे ज्ञान देते, बॉट पदार्थविज्ञानाचे आणि यंत्ररचनेचे; नियंत्रित परिस्थितीत यंत्र चालवणे आणि विध्वंसक आघातानंतरही ते चालत ठेवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि उद्योगाला दोन्ही लागतात.

पैशाचे गणित आता थोडक्यात. 60 किलोचा स्पर्धाक्षम बॉट बांधायचा खर्च लाखांच्या घरात जातो, त्यातील चांगल्या मोटर आणि वेगनियंत्रक बहुधा आयात केलेले असतात, आणि एका वाईट फेरीत यातील बराच भाग भंगारात जमा होतो. पारितोषिकाची रक्कम पहिल्या एक-दोन पथकांचाच खर्च भरून काढते. परदेशी पथकांची अडचण निराळी आहे: प्रवासी विमानात 100 वॉट-तासांहून मोठ्या सुट्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते आणि 160 च्या पुढे ती नेताच येत नाही, मोठ्या बॉटची शक्ती मात्र तेवढ्यात भागत नाही. पाहुण्या पथकांची संख्या त्यामुळे कायमच मोजकी राहणार.

पैशाहून घातक गळती अनुभवाची आहे. पथकातील विद्यार्थी दुसऱ्या वर्षी शिकतो, तिसऱ्या वर्षी चांगला बॉट बांधतो, चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखतींत गुंततो आणि पाचव्या वर्षी बंगळूरला किंवा परदेशी असतो; त्याच्याबरोबर शाफ्टची माया किती ठेवायची हे ज्ञानही जाते. 2020 चा टेकफेस्ट कोविडच्या साथीमुळे आभासी स्वरूपात झाला. पडद्यावर व्याख्यान होऊ शकते, झुंज होऊ शकत नाही. साथ ओसरेपर्यंत अनेक पथकांतील जाणती फळी उत्तीर्ण होऊन गेली होती आणि नव्यांना लेथचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते. कोणत्याही खेळात क्लब ही संस्था असते ती खेळाडू बदलले तरी शहाणपण टिकावे म्हणून. महाराष्ट्राला हे कुस्तीमुळे नीट ठाऊक आहे: राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे केले आणि पेठापेठांतील तालमींना आश्रय दिला, तेव्हा मल्ल येत-जात राहिले तरी वस्ताद आणि माती जागेवर राहिली. रोबोवॉरला मल्ल मिळाले आहेत, तालीम मिळालेली नाही.

अशी तालीम कशी दिसेल याचा जवळचा नमुना अमेरिकेत आहे. कनेक्टिकट राज्यातील नॉरवॉक शहरात 2018 पासून एक स्पर्धामालिका एकाच जागी, कायम उभ्या असलेल्या पिंजऱ्यांत भरते; तिच्यात 3, 12 आणि 30 पौंडांचे, म्हणजे साधारण 1.36, 5.4 आणि 13.6 किलोंचे गट आहेत, आणि झुंजी इंटरनेटवरून थेट दाखवल्या जातात. तिच्यामागे एका धनिक उद्योजकाचे पाठबळ आहे, हे विसरून चालणार नाही. तो आधार गेला तर तिथेही प्रश्न उभा राहील. तरी तिने एक गोष्ट सिद्ध केली आहे: छोट्या वजनगटाने खेळाची धार बोथट होत नाही. वरचाच हिशेब 1.36 किलोच्या बॉटला लावला, 300 ग्रॅमची आणि पाच सेंटिमीटर त्रिज्येची चकती मिनिटाला 12,000 फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्यात सुमारे 300 ज्यूल ऊर्जा साठते. वजन सुमारे 44 पटींनी घटले तर ऊर्जा शंभराहून अधिक पटींनी. आखाड्याची भिंत, आगीची तयारी, विम्याचा हप्ता, सारेच त्या प्रमाणात आटोक्यात येते, आणि बॉट पाठपिशवीत घालून अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोने नेण्याइतका लहान असतो.

येथे प्रतिवाद होतो की लोक पाहायला येतात ते 60 किलोच्या धडकेसाठी, आणि टाचेएवढ्या बॉटची झुंज पडद्यावर मोठी करून दाखवावी लागली तर प्रत्यक्ष येण्यात काय अर्थ उरला. प्रतिवादात तथ्य आहे. मोठ्या चकतीचा चढत जाणारा सूर आणि टोल्याबरोबर पायांखालची हललेली फळी यांची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही, आणि म्हणूनच पवईचा मोठा वजनगट बंद होऊ नये. पण मोठ्या गटाला कसलेले बांधणारे वर्षभर कुठून मिळणार, हा मुद्दा त्या प्रतिवादात सुटतो. निती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून देशातील दहा हजार शाळांत यंत्रे हाताळण्याची सोय झाली आहे. त्या शाळांतील चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती 60 किलोचा बॉट देता येत नाही, दीड किलोचा देता येतो. मोठ्या गटाची भरती छोट्या गटातूनच होणार, दुसरा मार्ग दिसत नाही.

मानवाकृती रोबोंच्या स्पर्धा हे नवे आव्हान म्हणून सांगितले जाते. मे 2025 मध्ये चीनच्या हांगझौ शहरात युनिट्री कंपनीच्या जी-वन या माणसासारख्या दोन पायांच्या रोबोंची मुष्टियुद्धे झाली आणि चिनी दूरचित्रवाणीवरून दाखवली गेली. तोल सावरून उठून उभे राहणारे यंत्र पाहणे विलक्षण आहे, यात शंका नाही. मात्र त्यात स्पर्धक यंत्र विकत घेतो आणि चालवतो, बांधत नाही. साकीनाक्याच्या गाळ्याला त्या खेळात काम नाही, आणि विद्यार्थ्याला तुटलेला भाग स्वतः पुन्हा घडवण्याची संधीही नाही. हा वेगळा खेळ आहे; तो प्रेक्षक ओढून नेईल, पण बॉट बांधणाऱ्याची भूक त्याने भागणार नाही.

आता उरतो तो जागेचा व्यावहारिक प्रश्न. 1.36 किलोच्या गटासाठी साधारण अडीच मीटर लांबीरुंदीचा पिंजरा पुरतो आणि तो एका मध्यम गाळ्यात किंवा महाविद्यालयाच्या वापरात नसलेल्या प्रयोगशाळेत कायमचा बसवता येतो. पवईपासून रेल्वे, मेट्रो वा रिक्षाच्या टप्प्यात विद्याविहारचे सोमैया, विलेपार्ल्याचे संघवी आणि मुकेश पटेल, अंधेरीचे सरदार पटेल, कांदिवलीचे ठाकूर, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस अशी अभियांत्रिकी शिक्षणाची केंद्रे आहेत. यंत्रशाळा, विद्युत सुरक्षेचे ज्ञान असलेले कर्मचारी आणि प्रथमोपचाराची सोय अशा संस्थांत असतेच. यांपैकी एका संस्थेने जागा द्यावी, बाकीच्यांनी वर्गणी आणि पंच द्यावेत, नियमांची एकच मराठी-इंग्रजी पुस्तिका करावी, पास होऊन गेलेल्या बांधणाऱ्यांना तपासनीस म्हणून बोलवावे आणि साकीनाका-कुर्ल्यातील दोन-तीन जाणत्या कारागिरांना मानधन देऊन महिन्यातून एक दिवस तिथे बसवावे, एवढी ही योजना आहे आणि तिचा वार्षिक खर्च महोत्सवातील एका मोठ्या संगीत कार्यक्रमाहून अधिक होण्याचे कारण नाही. अडचण आहे ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांना हरवण्याची सवय लागलेल्या संस्थांनी एका पिंजऱ्याची मालकी वाटून घेण्याची, आणि त्या पिंजऱ्यात काही बिघडले तर सही कोणाची असेल हे आधी ठरवण्याची. जागा, निधी आणि हौस या तिन्ही गोष्टी उपनगरांत असूनही हा खेळ अजून डिसेंबरच्या मांडवातच अडकला आहे तो या सहीपाशी.